पडद्याच्या पुढच्या रांगा: युरोपातली जुनी छोटी विमाने आणि त्यांचा बिझनेस क्लास

युरोपातल्या एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या विमानांच्या बिझनेस क्लासमध्ये खुर्ची वेगळी नसते. पुढच्या रांगांतली खुर्ची मागच्यासारखीच असते, दोन रांगांतले अंतरही बहुधा तेवढेच असते. वेगळे असते ते एवढेच, की शेजारची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि शेवटच्या रांगेमागे एक पडदा ओढलेला असतो. मुंबईहून रात्रभर आडवे झोपून झुरिकला उतरलेला प्रवासी त्याच तिकिटावर पुढे फ्लॉरेन्सच्या विमानात चढतो, तेव्हा हे पाहून चकित होतो. एवढे पैसे नेमके कशाचे घेतले, असा प्रश्न त्याला पडतो आणि तो रास्तच आहे. उत्तर खुर्चीत शोधले तर सापडत नाही. या वर्गात विकला जातो तो वेळ, तिकीट बदलण्याची मुभा आणि थोडी मोकळी जागा. २०१७ पर्यंत युरोपात मोठ्या संख्येने उडणाऱ्या ऐंशी ते शंभर आसनांच्या जुन्या विमानांत ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसत असे, कारण त्या विमानांत दाखवण्यासारखे दुसरे काही नव्हतेच.

या वर्गाचा जन्मच मुळी छोट्या विमानांच्या आधाराने झाला. १९७० च्या दशकात युरोपातले विमानभाडे कंपन्यांच्या आपसांतल्या आणि सरकारांच्या करारांनी ठरत असे. विमानात पहिला वर्ग आणि इकॉनॉमी असे दोन वर्ग असत. पुढे सहलीला जाणाऱ्यांसाठी सवलतीची तिकिटे निघाली. त्यांना अट अशी, की परतण्याआधी शनिवारची रात्र परगावी काढली पाहिजे. कामासाठी सोमवारी गेलेल्या माणसाला बुधवारी घरी परतायचे असते, त्यामुळे सवलत त्याच्या वाट्याला येत नसे. तो पूर्ण भाडे भरी आणि निम्म्या पैशांत आलेल्या सहलकऱ्याच्या शेजारी, त्याच खुर्चीत, तेच जेवण घेत बसे. सर्वांत जास्त पैसे देणारे गिऱ्हाईकच सर्वांत जास्त नाराज होते.

ही नाराजी सर्वांत नेमकी ओळखली ती स्कँडिनेव्हियातल्या एसएएस या कंपनीने. यान कार्लसन १९८१ मध्ये तिचे प्रमुख झाले तेव्हा कंपनी तोट्यात होती. कामानिमित्त वारंवार फिरणाऱ्या प्रवाशासाठी युरोपातली सर्वोत्तम कंपनी व्हायचे, हे ध्येय त्यांनी ठरवले आणि त्याच वर्षी युरोक्लास सुरू केला. युरोपातल्या मार्गांवरचा पहिला वर्ग बंद झाला. इकॉनॉमीचे पूर्ण भाडे भरणाऱ्याला जादा पैसे न घेता पुढच्या रांगा, वेगळे चेक-इन आणि टेलिफोन-टेलेक्स असलेला लाउंज मिळू लागला. पुढच्या आणि मागच्या प्रवाशांमध्ये सरकवता येईल असा आडोसा आला. विमाने वेळेवर सुटतात की नाही हे पाहण्यासाठी कार्लसन यांनी स्वतःच्या कार्यालयातच संगणकाचा पडदा बसवून घेतला होता.

त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय मात्र विमानांबद्दलचा होता. एसएएसने नुकतीच एअरबस ए३०० ही मोठी, नवीकोरी विमाने घेतली होती. प्रत्येक आसनामागचा खर्च त्यांत कमी पडे. पण एवढे मोठे विमान भरायचे तर दिवसातून एक-दोनच फेऱ्या करता येतात आणि आजूबाजूच्या गावांतले प्रवासी आधी कोपनहेगनला गोळा करावे लागतात. व्यापाऱ्याला हवी होती सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची सोय आणि थेट विमान. म्हणून एअरबस बाजूला ठेवली गेली आणि जुनी, लहान डीसी-९ विमाने कामावर राहिली. नव्या यंत्राचा मोह टाळून प्रवाशाच्या दिवसाचा विचार करणारा हा निर्णय विमानव्यवसायाच्या इतिहासात फार मोलाचा आहे. डीसी-९ मध्ये एका रांगेत पाच खुर्च्या होत्या: एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. हीच मांडणी पुढे फोकर आणि अ‍ॅव्रो या जातींच्या अनेक छोट्या विमानांतही राहिली.

एसएएसमागोमाग बहुतेक युरोपीय कंपन्या त्याच वाटेने गेल्या. पहिला वर्ग युरोपातल्या मार्गांवरून जवळजवळ नाहीसा झाला आणि पुढच्या रांगांचा बिझनेस क्लास रूढ झाला. त्याची रचना लवचीक असते. छतातल्या किंवा सामानाच्या कप्प्याखालच्या पट्टीवर पडदा पुढेमागे सरकतो. सकाळच्या लंडन फेरीला बिझनेसचे प्रवासी जास्त असले तर पडदा सातव्या-आठव्या रांगेमागे जातो, दुपारी तेच विमान सुट्टीच्या गावी निघाले तर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेवर येतो. खुर्ची एकच असल्याने हे काही मिनिटांत होते. काही कंपन्यांनी मध्यंतरी बदलत्या रुंदीच्या खुर्च्या बसवल्या होत्या. त्यांत मधली खुर्ची आवळली, की बाजूच्या दोन रुंदावत. प्रवाशाला त्या खरोखर सुखाच्या होत्या, पण वजनाने जड आणि देखभालीला किचकट. २०१० च्या सुमारास पातळ पाठीच्या हलक्या खुर्च्या आल्या, रांगा वाढल्या आणि ती सोय गेली. मधली जागा रिकामी ठेवणे तेवढे उरले.

विमान छोटे असल्यामुळे झोपायची खुर्ची बसत नाही, हा समज बरोबर नाही. ब्रिटिश एअरवेजने २००९ पासून २०२० पर्यंत लंडनच्या सिटी विमानतळावरून न्यूयॉर्कला ए३१८ या लहान विमानातून सेवा चालवली. विमानात फक्त ३२ खुर्च्या होत्या आणि सगळ्या सपाट होणाऱ्या. लुफ्तहान्साने २००८ मध्ये पुण्याहून फ्रँकफुर्टला थेट विमान सुरू केले, तेही प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीकडून भाड्याने घेतलेले छोटे विमानच होते; चाकण-पिंपरीच्या वाहन उद्योगाशी जोडलेल्या जर्मन कंपन्यांची येजा त्याला पुरेशी होती. खुर्ची कशी असावी हे अंतर ठरवते. तासाभराच्या उड्डाणासाठी निजायची जागा अडवून ठेवणे कोणालाच परवडत नाही.

या साऱ्या व्यवस्थेचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे बीएई १४६ आणि त्याची पुढची आवृत्ती अ‍ॅव्रो आरजे. हॉकर सिडली कंपनीने १९७३ मध्ये हे विमान जाहीर केले. त्याच वर्षीच्या तेलसंकटाने आणि मंदीने काम रखडले. पुढे कंपनी ब्रिटिश एअरोस्पेसमध्ये विलीन झाली, १९७८ मध्ये प्रकल्पाला पुन्हा जीव आला आणि ३ सप्टेंबर १९८१ रोजी हॅटफिल्डच्या धावपट्टीवरून पहिले विमान उडाले. मे १९८३ मध्ये डॅन-एअर कंपनीने त्यातून प्रवासी वाहतूक सुरू केली.

शंभरेक प्रवाशांच्या विमानाला चार इंजिने, हे त्याचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य. त्यामागे पक्का हिशेब होता. दोन इंजिनांच्या विमानात उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडले तर निम्मी ताकद जाते. चारांपैकी एक गेले तर पावच जाते. त्यामुळे आखूड धावपट्टीवरून, डोंगराळ किंवा उष्ण ठिकाणाहूनही ते भरवशाने उडू शकते. पंख धडाच्या वर बसवलेले असल्याने धड जमिनीलगत राहते आणि छोट्या विमानतळावर साध्या पायऱ्यांवर भागते. उतरल्यावर वेग मारण्यासाठी इंजिनांचा झोत उलटा फिरवण्याची सोय या विमानात नाही. तिच्याऐवजी शेपटीच्या टोकाला दोन पाकळ्या आहेत. उतरताना त्या दोन्ही बाजूंना उघडतात आणि हवा अडवतात, त्यामुळे विमान वेग न वाढवता तीव्र उतारावरून खाली येऊ शकते. शिवाय इंजिने त्या काळाच्या मानाने फार शांत होती. शहराच्या कुशीतल्या, आवाजाचे कडक नियम असलेल्या विमानतळांना असेच विमान हवे होते.

अशा विमानतळांत लंडन सिटी अग्रगण्य. टेम्सकाठच्या जुन्या रॉयल डॉक्समध्ये, दोन गोद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर तो १९८७ मध्ये सुरू झाला. धावपट्टी आता १,५०८ मीटरची आहे. मोठ्या विमानतळांवर ती तीन ते चार हजार मीटर असते. सर्वसाधारण विमान तीन अंशांच्या उतारावरून धावपट्टीकडे येते. इथे मात्र साडेपाच अंशांनी यावे लागते, कारण भोवती इमारती आहेत आणि खाली वस्ती. सुरुवातीला हा उतार साडेसात अंशांचा होता आणि फक्त पंख्यांची विमाने उतरू शकत. १९९२ मध्ये धावपट्टी वाढली, उतार कमी झाला आणि बीएई १४६ ला परवानगी मिळाली. जेट विमान लंडनच्या बँकांच्या दाराशी आले. शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत हा विमानतळ रहिवाशांच्या शांततेसाठी बंद असतो. कामाच्या प्रवाशांना शनिवारी संध्याकाळी विमान लागतही नाही.

झुरिकहून सिटीला जाणाऱ्या माणसाने पुढच्या रांगेचे तिकीट का घ्यावे, हे इथे कळते. हीथ्रोला उतरून पासपोर्टची रांग, लांबलचक मार्गिका आणि शहरापर्यंतचा प्रवास यांत दीड-दोन तास सहज जातात. सिटीला विमानातून उतरून थोडे चालले, की बाहेर. २००५ पासून तिथे डॉकलँड्स रेल्वेचे स्टेशन आहे. त्या गाडीने बँक स्टेशन वीस-पंचवीस मिनिटांवर. पुढच्या दारातून सर्वांआधी उतरलेला प्रवासी उतरल्यापासून तासाभरात बैठकीला बसलेला असतो. बैठक लांबली, तर त्याच तिकिटावर पुढचे विमान पकडायला त्याला दंड पडत नाही. त्याने जास्त मोजलेले पैसे प्रामुख्याने या मोकळिकीचे असतात.

अ‍ॅव्रो विमानांना सर्वांत जास्त जीव लावला तो स्वित्झर्लंडने. मॉरित्झ सुटर यांच्या क्रॉसएअर कंपनीने ती घेतली आणि चार इंजिनांच्या या छोट्या विमानाला जम्बोलिनो हे लाडके नाव दिले. ऑक्टोबर २००१ मध्ये स्विसएअरची विमाने पैशांअभावी जमिनीवर थांबली आणि मार्च २००२ मध्ये क्रॉसएअरच्या पायावर स्विस ही नवी कंपनी उभी राहिली. तिच्या ताफ्यात अ‍ॅव्रो आरजे १०० आले. ९७ आसनांची ही विमाने झुरिक आणि जिनिव्हाहून लंडन सिटीला जात. फ्लॉरेन्सलाही जात, जिथे धावपट्टी आखूड आहे आणि तिच्या टोकाशी डोंगर उभा आहे.

आत शिरल्यावर विमानाचे वय लपत नसे. सामानाचे कप्पे उथळ, त्यांत चाकांची बॅग आडवी-उभी करूनही बसत नसे. दाराशीच कर्मचारी ती घेत, तिला पट्टी बांधत आणि उतरल्यावर पायऱ्यांपाशी परत देत. पंखांमागची पाती खाली येऊ लागली, की विमानभर एक लांब, चढत जाणारी घुमारी ऐकू येई. नवखा प्रवासी दचकून वर पाही. पातीभोवतून वाहणाऱ्या हवेचा तो आवाज होता आणि या जातीच्या प्रत्येक विमानात तो ऐकू येई. पंख वर असल्याने खिडकीतून खालचे दृश्य अडत नसे. आल्प्स ओलांडताना पुढच्या रांगेतल्या माणसाला दऱ्या, तळी आणि गावे सलग दिसत.

जेवणाची वेळ म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कसबाची परीक्षा. प्रत्येक ५० आसनांमागे किमान एक कर्मचारी, एवढाच नियम. तासाभराच्या उड्डाणात चढण्या-उतरण्याचा वेळ वजा केला तर हातात पस्तीस-चाळीस मिनिटे उरतात. तेवढ्यात पुढच्या दाराजवळच्या अरुंद गॅलीतून एकेक ट्रे हातानेच न्यायचा: चिनी मातीची बशी, त्यात थंड मांस किंवा मासे, स्विस चीजचे दोन-तीन प्रकार, गरम पाव, काचेच्या पेल्यात वाइन. ट्रे रिकाम्या खुर्चीसमोरच्या फळीवर सरकवून प्रवासी आपली कागदपत्रे पुढ्यात उघडी ठेवू शके. शेजारच्या रिकाम्या जागेचा खरा उपयोग असा रोजच्या कामाचा होता. उतरण्याआधी कर्मचारी चॉकलेटची टोपली घेऊन पडद्याच्या पुढे आणि मागे, सगळ्यांकडे जात. सेवेतली आपुलकी विमान लहान असल्यामुळे वाढते. दहा-बारा माणसांची काळजी घेणारी व्यक्ती दुसऱ्या वेळी कॉफी देताना साखर विचारत नाही.

हॉलंडची कथा फोकरची आहे. भारतात ज्यांनी इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिपमधून प्रवास केला, त्यांना हे नाव नवे नाही. केएलएम आणि फोकर यांचा संबंध १९२० पासूनचा. फोकर कंपनीचे मार्च १९९६ मध्ये दिवाळे निघाले, तरी तिची ८० आसनांची फोकर ७० विमाने केएलएम सिटीहॉपर ही उपकंपनी पुढे एकवीस वर्षे उडवत राहिली. या विमानाची दोन्ही इंजिने शेपटीजवळ आहेत. मागच्या रांगेत त्यांची घरघर आणि कंप सतत जाणवतो, पुढे मात्र हवेचा सूं-सूं आवाज तेवढा येतो. म्हणजे इथे पुढची रांग खरोखरच वेगळी होती, खुर्ची तीच असूनही. ॲमस्टरडॅमहून लांबच्या प्रवासाला निघालेल्या बिझनेस प्रवाशाला केएलएम डेल्फ्ट पद्धतीचे निळे-पांढरे चिमुकले घर भेट देते. युरोपातल्या छोट्या फेरीला ते मिळत नाही. फोकर ७० विमानांतच हॉलंडचे राजे विलेम-अलेक्झांडर सहवैमानिक म्हणून नियमित उडत असत. ते २०१७ मध्ये उघड झाले, तोवर बहुतेक प्रवाशांना आपले विमान कोण चालवत आहे याचा पत्ता नव्हता.

एवढे गुण असलेली ही विमाने गेली, त्याला सबळ कारणे आहेत. १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय संघाने विमानभाडी आणि मार्ग खुले केले. एप्रिल १९९७ पासून कोणत्याही सदस्यदेशाची कंपनी दुसऱ्या देशाच्या आतही उडू लागली. रायनएअर आणि इझीजेटने सुमारे दीडशे ते एकशेनव्वद आसनांची एकाच जातीची विमाने भरून स्वस्त तिकिटे विकली. शनिवारच्या रात्रीची अट त्यांनी ठेवलीच नाही, त्यामुळे ज्या अटीवर बिझनेस क्लास उभा होता तिचाच आधार गेला. छोट्या उद्योगांनी आपल्या माणसांना मागच्या रांगांचीच तिकिटे काढून द्यायला सुरुवात केली. १९९४ पासून चॅनेलखालून धावणाऱ्या युरोस्टारनेही लंडन–पॅरिस आणि लंडन–ब्रुसेल्सचे प्रवासी ओढून घेतले. आता पुढच्या रांगांत बसणाऱ्यांत दूरच्या देशांतून येऊन विमान बदलणारे बरेच असतात. त्यांच्यासाठीच मोठे विमानतळ विमाने लाटांनी आणतात आणि सोडतात. व्हिएन्नाला तर दोन विमानांत २५ मिनिटांचे अंतरही पुरेसे धरतात.

इंधनाचा हिशेब अ‍ॅव्रोच्या विरुद्धच होता. चार इंजिने म्हणजे देखभाल चार वेळा, आणि इंधन दरडोई जास्त. त्यात पुढच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, म्हणजे प्रत्येक बिझनेस प्रवाशाच्या वाट्याला दीड ते दोन खुर्च्यांचे इंधन आणि धूर. पर्यावरणाच्या दृष्टीने हा या वर्गावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो खोडून काढता येत नाही. ब्रिटिश एअरोस्पेसच्या वारसदार कंपनीने नव्या इंजिनांचे आरजेएक्स विमान तयार करून पाहिले होते, पण नोव्हेंबर २००१ मध्ये तो प्रकल्प सोडून दिला.

२०१७ हे या विमानांच्या निरोपाचे वर्ष ठरले. स्विसने ऑगस्टमध्ये शेवटचे आरजे १०० निवृत्त केले, केएलएम सिटीहॉपरने ऑक्टोबरअखेर फोकर ७०. ब्रुसेल्स एअरलाइन्सची अ‍ॅव्रो आणि ऑस्ट्रियनची फोकर विमानेही त्याच वर्षी गेली. बरीच फोकर ऑस्ट्रेलियाला आणि पापुआ न्यू गिनीला गेली. उत्तर अमेरिकेत अनेक बीएई १४६ आणि आरजे ८५ विमानांत आग रोखणाऱ्या द्रवाच्या टाक्या बसवल्या गेल्या आणि ती जंगलातले वणवे विझवतात. कमी वेगाने, दरीत खोल उतरून पुन्हा वर चढण्याचा त्यांचा गुण तिथे अगदी कामी येतो.

त्यांची जागा दोन प्रकारच्या विमानांनी घेतली. बंबार्डिएचे सीएस १००, ज्याला आता एअरबस ए२२० म्हणतात, त्यात पूर्वीसारखीच तीन अधिक दोन मांडणी आहे. स्विस २०१७ पासून त्यातून सिटीला जाऊ लागली. इंजिने दोनच, कप्पे मोठे, खिडक्याही मोठ्या. दुसरे ब्राझीलचे एम्ब्रेअर. त्यात दोन अधिक दोन खुर्च्या असतात, म्हणजे मधली खुर्ची नसतेच. लुफ्तहान्सा समूह आणि केएलएम त्यात शेजारची जागा रिकामी ठेवतात, पण सगळ्याच कंपन्या ठेवत नाहीत. तिकीट काढण्याआधी विमानाचा प्रकार आणि त्या कंपनीची ही पद्धत पाहून घेणे शहाणपणाचे.

ऐनवेळी विमान बदलले किंवा पडदा पुढे सरकला आणि बिझनेसच्या प्रवाशाला मागे बसवले, तर त्याचा हक्क ठरलेला आहे. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे आणि स्वित्झर्लंडनेही तो स्वीकारला आहे. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणासाठी तिकिटाच्या किमतीच्या ३० टक्के रक्कम सात दिवसांत परत द्यावी लागते. ही किंमत कोणती, हे युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले: कर वगळून, फक्त त्या एका टप्प्याची, ती वेगळी दिलेली नसेल तर अंतराच्या प्रमाणात काढायची. मुंबई–झुरिक सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आणि झुरिक–फ्लॉरेन्स साडेचारशे. पूर्ण प्रवासाच्या एका तिकिटावर फक्त शेवटच्या टप्प्यात मागे बसावे लागले, तर हाती येणारी रक्कम मूळ भाड्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास भरते.